सात वर्षं

मार्चमध्ये निकोयाची माती विटेसारखी वाजते.
केब्रादा ओन्दाच्या चढावर जीप दोनदा बंद पडली,
बर्फाच्या पेटीतल्या नळ्या तेवढ्या शाबूत राहिल्या.
मी यादिरा. विद्यापीठातून येते.
म्हातारी माणसं खरंच तेवढी म्हातारी आहेत का,
हे तपासायचा मला पगार मिळतो.

दोन्या एदुविहेस अंगणात मका निवडत होत्या.
ओळखपत्रावर एकशे नऊ.
दंडाला रबर बांधला, शीर लगेच वर आली,
जणू वाटच बघत होती.
एक नळी भरली. "आणखी काढ," म्हणाल्या,
"मला एवढं काय करायचंय?"

मी समजावू लागले. पेशीच्या आत धागे असतात, दोन्या,
धाग्याच्या टोकाला टोपण,
बुटाच्या नाडीला असतं तसं.
पेशी दुभंगते, टोपण झिजतं.
झिजून संपलं की पेशी थांबते.
मरत नाही बरं, नुसती बसून राहते
आणि आजूबाजूच्यांना आग लावत राहते.
"आमचा लिसान्द्रो," त्या म्हणाल्या.
लिसान्द्रो म्हणजे जावई. पडवीत झोपला होता.

दुसऱ्या दिवशी, चर्चच्या मागच्या खोलीत,
वाळवीने कडा खाल्लेल्या वहीत
मला त्या दोनदा सापडल्या.
एदुविहेस, १९०९.
एदुविहेस, १९१६.
आईबाप तेच. पाद्रीची सही वेगळी.
आणि मधे, तेराच्या पावसाळ्यात, एकच ओळ:
मुलगी, वय चार, ताप.

याचं आम्हाला नवल नसतं.
गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला,
झबलं ठेवून देतात आणि पुढच्याला घालतात, तसं.
पुढे कधीतरी सरकारी कारकून आला,
त्याने पहिली नोंद पाहिली, उकाड्याने वही मिटली.
तेवढ्यात सात वर्षं वाढली.

सात वर्षं थोडी नाहीत.
आलेखाच्या त्या टोकाला इतकी कमी माणसं असतात
की एक ठिपका हलला तर रेघ मान टाकते.
ठिपका खरा मानून कुणी
चुन्यात भिजवलेल्या मक्याचे गोडवे गायलेले असतात,
कुणी विहिरीच्या पाण्याचे,
कुणी त्याच्या गोळ्या करून विकलेल्या असतात.

सांगायला परत गेले. शब्द जुळवून गेले होते.
दोन्यांचा हात मक्यातून थांबला नाही.
"ठाऊक आहे," म्हणाल्या.
"आई त्या दिवशी दोन ताटं वाढायची.
दोन्ही मीच जेवायचे.
तिच्या ताटातलं टाकवत नसे."

एक खडा वेचून त्यांनी कोंबड्यांकडे भिरकावला.
"ती सात वर्षं आता तू खोडणार. खोड.
पण खोडून ठेवणार कुठे?"

माझ्या अर्जात तो रकाना नव्हता.
मी कॉफी प्यायले. कॉफीत साखर फार होती.

राजधानीत टोपणं मोजली.
वयाच्या मानाने लांब निघाली.
प्रमुखांना पटेना. पुन्हा मोजली, तीच.
एकशे नऊ लिहिलं असतं तर पेपरात फोटो आला असता,
एकशे दोन लिहिलं, म्हणून निकाल फक्त चांगला.
यंत्राला नाव कळत नाही,
कुणाच्या वाटचं कोण जेवलं तेही कळत नाही.
त्याला लांबी कळते.

मी नोंद दुरुस्त केली. ते माझं काम.
फक्त, उणे ऐंशी अंशांच्या कपाटात,
तिसऱ्या फळीवर, सतरा नंबरच्या दोन नळ्या आहेत.
एकीवर जन्मसाल १९१६.
दुसरीवर साल लिहायचं राहून गेलंय.
राहू दिलंय.